पाच सीट, पाच माणसं आणि टफी

विजापूर रोडला राहणाऱ्या एका ताईंचा प्रश्न आलाय. थोडक्यात असा: घरात तीन वर्षांचा लॅब्रॅडॉर, नाव टफी, वजन ४१ किलो. दिवाळीच्या सुट्टीत पाच दिवस गणपतीपुळ्याला जायचं ठरलंय. स्वतःची पाच सीटची गाडी. सोबत यजमान, दोन मुलं आणि सासूबाई. यजमान म्हणतात, कुत्र्याला बोर्डिंगला ठेवू. मुलं म्हणतात, टफी नाही तर आम्हीपण नाही. टफी आजवर गाडीत बसलाय तो दवाखान्यापुरताच. ताईंनी दोनच गोष्टी विचारल्यात: त्याला प्रवासभर झोपवून ठेवणारी गोळी कोणती, आणि कोकणात कुत्रं घेणारं हॉटेल कोणतं?

मी सोलापुरात बावीस वर्षं कुत्र्या-मांजरांचा दवाखाना चालवते. दिवाळी आणि मे महिना जवळ आला की हे दोन प्रश्न रोज येतात. उत्तर देते, पण ताई, तुमची खरी अडचण गोळीची नाही, हॉटेलचीही नाही. तुम्हीच लिहिलेलं परत वाचा. पाच सीट, पाच माणसं. टफी बसणार कुठं? त्याला गोळी देऊन झोपवलं तरी ४१ किलोचं ते धूड कुणाच्या तरी मांडीवरच झोपणार ना!

गोळीचं आधी संपवते. शांत करणारी औषधं असतात, मीही देते, पण तपासून, वजनावर, आणि प्रवासाच्या आधी एकदा घरी देऊन बघून. मेडिकलमधून आणलेली सर्दीची किंवा झोपेची गोळी अर्धी करून देणं वेगळं. गुंगीत कुत्र्याचा तोल जातो, काही औषधांनी रक्तदाब उतरतो, अंगातली उष्णता बाहेर टाकायची ताकद कमी होते. बाहेरून तो शांत दिसतो, आतून घाबरलेलाच असतो, फक्त सांगता येत नाही. त्यातून गाडीत ऊन लागलं तर धापा टाकून अंग थंड करायचा त्याचा मुख्य मार्गही आपण अर्धा बंद केलेला असतो. उलटी होत असेल तर मात्र गोष्ट वेगळी. त्यावर मॅरोपिटंटसारखं चांगलं औषध आहे, निघायच्या दोनेक तास आधी द्यायचं, गुंगी येत नाही. टफीला नेमका कोणता त्रास होतो, भीतीचा की मळमळीचा, हे तुम्हाला अजून माहीतच नाही, कारण तो दवाखान्यापलीकडे गेलेलाच नाही. आणि आमचा दवाखाना म्हणजे सुई. गाडीत बसलं की सुई टोचते हे त्याच्या डोक्यात पक्कं बसलंय. ते पुसण्यापासून सुरुवात.

दिवाळीला अजून सात आठवडे आहेत. भरपूर झाले. पहिला आठवडा गाडी सुरूच करायची नाही. दारात उभ्या गाडीत त्याला चढवायचं, तिथंच जेवण द्यायचं, उतरवायचं. मग विजापूर रोडवरूनच एक चक्कर. मग एखाद्या रविवारी पहाटे हिप्परग्याच्या तलावाकडं, तुळजापूर रस्त्यानं. वीसेक मिनिटांचा प्रवास, उतरल्यावर मोकळं चालणं, परत. टफीला कळायला हवं की गाडी नेहमी सुईकडं जात नाही. हे जमलं की पुढची पायरी नळदुर्ग नाहीतर माचणूर. मी माचणूर सांगेन, कारण ते तुमच्याच वाटेवर आहे. मंगळवेढा रस्ता, कामती, बेगमपूर, मग भीमेच्या काठचं ते सिद्धेश्वराचं देऊळ. तास-सव्वा तास लागतो. तिथं पोचल्यावर कुत्रा कसा आहे ते बघा. लाळेनं छाती भिजलीय का, सारखा जांभया देत ओठ चाटतोय का, की उतरल्या उतरल्या झाडं हुंगायला लागला? हुंगायला लागला तर पास. नान्नजकडं मात्र कुत्रं नेऊ नका. ते माळढोकचं अभयारण्य आहे. माळढोक जमिनीवर अंडं घालतो, तेही बहुधा एकच, आणि माणसासोबत आलेलं लाडाचं कुत्रंसुद्धा त्या माळावर शिकारीच असतं.

आता कुणाकुणाला जमणार नाही तेही सांगते, कारण हे वाचणाऱ्या सगळ्यांकडं लॅब्रॅडॉर नसेल. पग, शिह त्झू अशा चपट्या नाकाच्या कुत्र्यांना सोलापूरच्या उन्हात लांबचा प्रवास मी मार्च ते जून चक्क नाही म्हणते. गाभण कुत्री, माजावर आलेली कुत्री (वाटेतल्या प्रत्येक ढाब्यावरची टोळी मागं लागेल), लसीकरण पूर्ण न झालेलं पिल्लू, हृदयाचा आजार असलेलं म्हातारं कुत्रं, ही सगळी घरीच बरी. लॅब्रॅडॉर नराचं वजन साधारण २९ ते ३६ किलो असावं. टफी ४१ वर आहे. सात आठवड्यांत दोन-तीन किलो उतरलं तर त्याला ऊन कमी लागेल, आणि सीट मोजतानाही बरं पडेल.

सीटकडं परत येऊ. कुत्रं गाडीत मोकळं सोडायचं नाही, हा माझा नियम. ताशी ६० च्या वेगात ब्रेक दाबला तर ४१ किलोचं कुत्रं समोरच्या सीटवर आदळतं, आणि समोर सासूबाई बसलेल्या असणार. पुढच्या सीटवर तर नकोच, एअरबॅग उघडली तर कुत्र्याच्या जिवावर बेतते. छातीवरून जाणारा हार्नेस घ्यायचा आणि त्याचा आखूड पट्टा सीटबेल्टच्या खाचेत अडकवायचा. गळ्यातल्या पट्ट्याला कधीही बांधायचं नाही, झटक्यात मान जाते. म्हणजे टफीला एक अख्खी सीट लागणारच. पर्याय दोनच उरतात. सात सीटची गाडी ड्रायव्हरशिवाय भाड्यानं घेऊन मागची रांग आडवी करायची आणि तिथं त्याला जाळी लावून जागा करून द्यायची. नाहीतर तुमच्यातले दोघं वेगळे जाणार. भाड्याची गाडी घेणार असाल तर गाडीच्या मालकाला आदल्या दिवशी नाही, ठरवतानाच सांगा की कुत्रं आहे. खाली जाड सोलापुरी चादर अंथरा, दुहेरी. केस तिच्यातच अडकतात, घसरत नाही, आणि घरचा वास असतो. दुसरी चादर कोरडी, जवळ ठेवायला. आपल्याकडचे टर्किश टॉवेलही चार घ्या. समुद्रावर का लागतात ते पुढं सांगते.

आता मुख्य मुद्दा. बावीस वर्षांत एवढं समजलंय की कुत्रं सोबत असलं की कुटुंबातला एक माणूस कमी धरायचा. देवळात चौघं, पाचवा बाहेर. जेवायला चौघं, पाचवा गाडीशी. कारण बंद गाडीत कुत्रं ठेवता येत नाही. पाच मिनिटंसुद्धा नाही. बाहेर ३० अंश असताना उन्हातल्या बंद गाडीत अर्ध्या तासात पारा ४५ च्या पुढं जातो. काच चार बोटं खाली ठेवली तरी फार फरक पडत नाही. ऑक्टोबरची आपली दुपार तर तिशीच्या वरच असते. माझ्याकडं अशी कुत्री आलीत. हिरड्या विटेसारख्या लाल, जीभ बाहेर लोंबलेली, अंगात १०७ ताप. मालक प्रत्येक वेळी एकच सांगतात, “डॉक्टर, दहाच मिनिटं गेलो होतो की.” त्यातली सगळी वाचली नाहीत.

म्हणून टफी येणार की नाही हे ठरवायच्या आधी कागदावर पाळ्या लिहा. वाटेत कोल्हापूरला अंबाबाईच्या दर्शनाला कोण जाणार, कोण थांबणार. पुळ्याच्या गणपतीला कोण आधी, कोण नंतर. सासूबाईंना कुत्र्याजवळ एकट्यानं थांबवायचं नाही. टफीनं मांजर बघून हिसका दिला तर त्या पडतील. मुलांनाही नाही. म्हणजे पाळी तुम्हा दोघांतच फिरणार. पाच दिवस नवरा-बायको एकत्र देवदर्शनाला जाणार नाहीत, एकत्र जेवणार नाहीत. हे दोघांना हसत चालणार असेल तर पुढचं वाचा. यजमान आधीच बोर्डिंग म्हणतायत, म्हणजे बहुतेक हे त्यांच्या लक्षात आलेलं दिसतंय!

बरं, निघायचं ठरलं. सोलापूर ते गणपतीपुळे एका दिवसात गाठता येतं, पावणेचारशे किलोमीटरच्या आसपास आहे. तुम्ही गाठू नका. पहिल्या प्रवासाला कोल्हापूरला मुक्काम करा. पहाटे पाचला सोलापूर सोडा. मंगळवेढा, सांगोला, नागज, मिरज करत दर दोन-अडीच तासांनी थांबलात तरी अकरा-साडेअकराला कोल्हापूर येतं, ऊन चढायच्या आत. संध्याकाळी पाळीपाळीनं दर्शन, रंकाळ्यावर टफीचा फेरफटका. दुसऱ्या दिवशी सकाळी लवकर निघून आंबा घाट. घाट थंड हवेत, रिकाम्या पोटी उतरायचा. रिकाम्या पोटी म्हणजे उपाशी नव्हे. आदल्या रात्री नेहमीचं जेवण, सकाळी फक्त थोडं पाणी, आणि पोटभर जेवण पोचून तासाभरानं. वळणावर कुत्र्यानं एकदा ओकलं की त्या वासानं मुलंही ओकतात, आणि मग घोडं अर्ध्या घाटात पेंड खातं.

थांबायचं ते ढाब्यासमोर नाही. ढाब्यावर तिथल्या कुत्र्यांचं राज्य असतं, आणि जमिनीवर कोंबडीची शिजलेली हाडं पडलेली असतात, ती आतड्यात टोचतात. ढाबा मागं टाकून मोकळी जागा बघा. उतरवताना घरातल्या सगळ्यांनी एक पाठ करायचं: आधी पट्टा, मग दार. पट्टा हातात गुंडाळल्याशिवाय कुणीही दार उघडायचं नाही. हायवेवर हरवलेल्या ज्या कुत्र्यांची हकीकत माझ्यापर्यंत आली त्यातली बहुतेक याच एका क्षणात गेलीत, धाकट्या पोरानं दार उघडलं आणि कुत्रं भुर्र. गळ्यात मोबाईल नंबर कोरलेला बिल्ला हवाच, शक्य असेल तर मायक्रोचिपही बसवून घ्या. डांबरावर उतरवण्यापूर्वी हाताची उलटी बाजू पाच-सात सेकंद रस्त्यावर टेकवून बघा. तुम्हाला सोसत नसेल तर त्याच्या तळव्यांनाही सोसणार नाही.

या रस्त्यावरचा एक खास धोका बाहेरच्या कुणाच्या लक्षात यायचा नाही. कवठेमहांकाळ, मिरज, तासगावचा हा सगळा द्राक्षांचा पट्टा. बेदाणे किलोकिलोनं घेतले जातात आणि मागच्या सीटवर मुलं ते खात बसतात. द्राक्षं आणि बेदाणे कुत्र्याला विष आहेत, मूत्रपिंडं निकामी होतात. किती खाल्ल्यावर, याचा नेम नाही. एखादं कुत्रं मूठभर पचवतं, एखादं थोडक्यात जातं. अलीकडं संशय आहे तो द्राक्षातल्या टार्टारिक आम्लावर. चिंचेतही तेच असतं, तेव्हा चिंचेच्या गोळ्याही लांब ठेवा. बेदाणे डिकीत, डब्यात, झाकण लावून. चॉकलेट, कांदा-लसूण हे तर बहुतेकांना माहीत असतं, पण शेंगाचटणीत लसूण असतो हे विसरतात.

खायला काय न्यायचं? टफी जे घरी खातो तेच. नवीन पाणी, नवीन जागा, त्यात नवीन खाणं दिलं तर जुलाब ठरलेले. पाकिटातलं खाणं खात असेल तर पाच दिवसांचं मोजून न्या. घरचं खात असेल तर आपली कडक भाकरी त्यासाठीच जन्माला आलीय असं मला वाटतं. मंगळवेढ्याच्या ज्वारीची, पापडासारखी वाळलेली, डब्यात कित्येक दिवस टिकते. कुस्करायची, साधं दही कुठंही मिळतं ते घालायचं, वर एक उकडलेलं अंडं. पाच दिवसांना एवढं पुरतं. पाणी मात्र पहिले दोन दिवस घरचंच, कॅनमधून.

हॉटेलचं नाव मी सांगणार नाही. मालक बदलतो, नियम बदलतात आणि बोल मला लागतो. त्यापेक्षा फोनवर काय विचारायचं ते सांगते. “कुत्रा चालतो का” असं विचारलं की सगळे हो म्हणतात. आम्हीही एकदा त्या होकारावर गेलो होतो. पोचल्यावर कळलं की कुत्रा चालतो म्हणजे जनरेटरच्या खोलीमागं साखळीला बांधलेला चालतो. रात्री आठ वाजता, दोन दमलेली माणसं, एक भेदरलेलं कुत्रं आणि परत न मिळणारा ॲडव्हान्स. तेव्हा असं विचारा: एकेचाळीस किलोचा लॅब्रॅडॉर आहे, तो रात्री आमच्याच खोलीत झोपेल, चालेल ना? खोली तळमजल्यावर आहे का? आवाराला कुंपण आहे का? तुमचं स्वतःचं कुत्रं आहे का, त्याला रेबीजची लस आहे का? कोंबड्या मोकळ्या असतात का? आणि उत्तर व्हॉट्सॲपवर लेखी मागा. लिहून द्यायला जो कां-कू करतो तिथं जायचं नाही.

कोंबड्यांचा प्रश्न उगाच नाही. माझी मैना जातीची कारवानी. आपल्याच भागातली, सांगोला-जत-विजापूरकडं धनगरवाड्यांत असतात तसली, लांब तोंडाची, पोट पाठीला लागलेली. गुहागरला पहिल्या सकाळी मी पट्टा हातात गुंडाळायच्या आधी दार उघडलं. हो, मीच. नियम सांगणारी मीच. खळ्यात कोंबडी होती. तीन उड्या, संपलं. घरधनीण भली बाई, काही बोलली नाही, पैसे घेतले आणि दुपारी तीच कोंबडी आमच्या पानात वाढली.

त्याच दिवशी संध्याकाळी मैनानं समुद्र बघितला. आधी लाट येताना दिसली की पळायची, लाट गेली की भुंकत तिच्या मागं. मग धाडस आलं. छातीएवढ्या पाण्यात उभी राहिली आणि हिप्परग्याचा तलाव समजून लपालपा प्यायला लागली. सात-आठ घोट घेईपर्यंत मला हसूच आवरेना. मग थांबली, माझ्याकडं बघितलं, जीभ दोनदा बाहेर काढली, आणि तरी परत प्यायली. तहान लागलेली होती, आणि आयुष्यात पाण्यानं तिला कधी फसवलेलं नव्हतं. रात्री अडीच वाजता खोलीत जे झालं त्यात एक सोलापुरी चादर कामी आली. खाऱ्या पाण्यानं उलट्या-जुलाब होतात, जास्त गेलं तर रक्तातलं मीठ वाढून झटकेही येऊ शकतात. म्हणून समुद्रावर जायच्या आधी गोड पाणी पोटभर पाजायचं, तिथंही दर पंधरा मिनिटांनी वाटी पुढं करायची, आणि अर्ध्या तासात बाहेर काढायचं. नंतर गोड्या पाण्यानं अंघोळ, कान आणि बोटांच्या बेचक्या कोरड्या पुसायच्या. चार टॉवेल यासाठी. लॅब्रॅडॉर पाण्याचा वेडा, टफी तर बाहेर यायलाच तयार होणार नाही, तेव्हा लांब दोरी लावूनच सोडा.

पुळ्यात देऊळ अगदी किनाऱ्यालाच आहे. देवळासमोरच्या गर्दीत कुत्रं नेऊ नका. लोकांची श्रद्धा असते, लहान मुलं घाबरतात. थोडं पुढं मालगुंडला जा, किनारा बराच शांत असतो. आरे-वारे दिसायला सुरेख, पण तिथं पाण्याला ओढ आहे. तुम्ही उतरू नका, टफीलाही उतरवू नका. वाळूत गळ आणि जाळ्यांचे तुकडे असतात, सुकायला टाकलेली मासळी असते. नाक खाली गेलं की पट्टा वर.

रात्रीचं मात्र गांभीर्यानं घ्या. कोकणात आणि घाटमाथ्यावर बिबट्या वस्तीत येतो, आणि त्याला सगळ्यात सोपी शिकार म्हणजे पडवीत बांधलेलं कुत्रं. बांधलेल्याला पळताही येत नाही. रात्री टफी खोलीत, दार बंद. शेवटची लघवी नऊच्या आत, आखूड पट्टा, हातात टॉर्च, उजेडात. दुसरं, फुरसं. रत्नागिरी-सिंधुदुर्गात ते पुष्कळ आहे, लहानसं, जांभ्या दगडाच्या गडग्यात, पालापाचोळ्यात. कुत्रं नाक घालतं आणि फुरसं नाकावरच डसतं. डसलंच तर चिरायचं नाही, आवळून बांधायचं नाही, कुत्र्याला चालवायचं नाही, उचलून गाडीत घालून डॉक्टर. आपल्याकडं मिळणारं सर्पविषाचं औषध नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं या चौघांवर चालतं आणि कुत्र्यांनाही तेच देतात, पण ते प्रत्येक दवाखान्यात असेलच असं नाही. म्हणून निघायच्या आधीच रत्नागिरीतल्या दोन पशुवैद्यांचे नंबर काढून, फोन करून, रात्री येता का आणि हे औषध ठेवता का, असं विचारून ठेवा. गरज पडल्यावर नंबर शोधू म्हणाल तर नेमकी तेव्हाच रेंज नसते.

उन्हाचा झटका वाटला (थांबत नाही अशी धाप, दाट लाळ, लटपटणं) तर आधी थंड करायचं, मग गाडी पळवायची. साधं पाणी पोटावर, मांड्यांत, पंज्यांवर ओतत राहा आणि वारा घाला. कुत्र्याचा नेहमीचा ताप १०१ ते १०२.५ फॅरनहाइट असतो. १०३ पर्यंत उतरला की ओतणं थांबवून दवाखाना गाठा. माणसांच्या पॅरासिटामॉल, आयबुप्रोफेनला हात लावायचा नाही.

लसींचं वेळापत्रक आत्ताच बघायला हवं. रेबीज चालू वर्षाची हवी. लेप्टोस्पायरोसिस या आजाराच्या लसीची आपल्या कोरड्या सोलापुरात कुणी फारशी चौकशी करत नाही, पण कोकणात पावसाळ्यानंतर साचलेल्या पाण्यात, शेताच्या बांधावर तो असतो, आणि कुत्र्याकडून माणसालाही होतो. ती लस कधीच झाली नसेल तर दोन-चार आठवड्यांच्या अंतरानं दोन डोस लागतात आणि दुसऱ्यानंतर पंधरा दिवस धरायचे. म्हणजे सातातले सहा आठवडे त्यातच जाऊ शकतात. गोचिडांसाठी चघळायची गोळी आठवडाभर आधी. फ्लुरालानरची बारा आठवडे चालते, अफोक्सोलानरची महिनाभर. कुत्र्याला पूर्वी झटके आले असतील तर आधी सांगा, मग वेगळं देऊ. गोचीडतापाची कुत्री माझ्याकडं प्रवासानंतर दोन-तीन आठवड्यांनी येतात, तोवर मालक सहल विसरलेले असतात.

रेल्वेचं विचारणारे असतात म्हणून एवढंच: कुत्रं डब्यात न्यायचं तर फर्स्ट एसीचा अख्खा कूपे किंवा केबिन आपल्या नावावर लागते, आणि ती मिळाली की नाही हे चार्ट लागल्यावर कळतं. टू-टायर, थ्री-टायर, स्लीपर, चेअरकारमध्ये परवानगी नाही, म्हणजे मुंबईची वंदे भारतही बाद. उरतो गार्डच्या डब्यातला पेटीवजा पिंजरा. त्यात मी माझं कुत्रं घालणार नाही. रेल्वेनं न्यायचं तर पशुवैद्याचं तंदुरुस्तीचं प्रमाणपत्र लागतं. तुम्ही गाडीनं जाणार असलात तरी एक करून घ्या, हॉटेलवाले मागतात.

आता फटाके. तुम्ही ऐन दिवाळीत म्हणताय. लक्ष्मीपूजनाच्या रात्री अनोळखी खोलीत, अनोळखी गावात माळ लागली तर टफी दार तोडून पळेल. घरी निदान पलंगाखालची जागा त्याला ठाऊक असते. गड्ड्याच्या (आपल्या सिद्धेश्वर यात्रेच्या) शोभेच्या दारूकामाच्या रात्रीही माझा फोन थांबत नाही, आणि ती तर ओळखीच्या गावातली ओळखीची कुत्री. तेव्हा भाऊबीज घरी करून दुसऱ्या दिवशी निघा.

तुमच्या जागी मी असते तर काय केलं असतं? माचणूरची चाचणी पास झाली, सात सीटची गाडी मिळाली, आणि यजमानांनी पाळ्यांच्या कागदावर सही केली, तर नेलं असतं. तिन्हीतलं एक जरी अडलं तर या वेळी नाही. सासूबाईंना आणि मुलांना निवांत दर्शन घडवा, टफीला घरीच ठेवा आणि त्याच्या ओळखीचं कुणीतरी पाच दिवस तुमच्याकडं राहायला बोलवा. बोर्डिंगपेक्षा ते बरं. बोर्डिंगच करायचं तर आधी न सांगता, खायला घालायच्या वेळी जाऊन बघून या, आणि फटाक्यांच्या रात्री तिथं माणूस झोपतो का ते विचारा. मग जानेवारीत, हवा थंड असताना, सासूबाईंना वगळून चौघं आणि टफी दोन दिवस मालगुंडला. पाचवी सीट त्याची.

मुलांना हे कसं सांगायचं ते तुम्ही बघा, त्यावर माझ्याकडं औषध नाही. टफीचं लसीचं कार्ड मात्र आजच काढून ठेवा आणि मागच्या वर्षीच्या स्टिकरवर शेवटी ‘एल’ आहे का बघा. ‘एल’ म्हणजे लेप्टो. नसेल तर याच आठवड्यात पहिला डोस घेऊन टाका, जाणं ठरो वा न ठरो.